उद्भव राखायचा की नळ हलवायचा? पिण्याच्या पाण्याच्या धोरणाची महाराष्ट्रातील वाटचाल

फेब्रुवारी २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपलेच पंधरा वर्षांचे एक धोरण गुंडाळून ठेवले. नदी नियमन क्षेत्र धोरण असे त्याचे नाव. कारखानदार आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते दोघेही त्याला ‘आरआरझेड’ म्हणत. नदीकाठापासून किती अंतरावर कोणत्या प्रकारचा उद्योग उभा राहू शकतो, हे त्यात ठरवून दिले होते. ते रद्द करताना शासनाची बाजू अशी होती की देशात अन्य कुठल्या राज्यात असे धोरण नाही, प्रदूषण रोखायला जल अधिनियम आणि संमतीपत्रांची यंत्रणा पुरेशी आहे आणि अंतराच्या अटीमुळे उद्योग अडतात. यातली पहिली गोष्ट घटकाभर खरी धरू. मात्र ‘इतरांकडे नाही’ हे ‘आपल्याकडे का असावे’ याचे उत्तर होत नाही, आणि त्या उत्तरासाठी बरेच मागे जावे लागते.

मुंबईपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. १८५०च्या दशकात शहरातल्या विहिरी आणि तळी आटू लागली, शिवाय ती घाण होती. मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाला, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. पवई तलाव १८९१चा, म्हणजे विहारचा धाकटा शेजारी. विहार आणि तुळशीभोवतीचे रान राखले गेले. आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि दोन्ही तलावांचे पाणी अजून शहराला जाते. पवईचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही. त्याच्या काठाने वस्ती वाढली, सांडपाणी उतरले आणि जलपर्णीने तलाव व्यापला. एकाच डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या विहार आणि पवई या दोन तलावांतला फरक पाणलोट कुणाच्या ताब्यात राहिला एवढाच आहे. उद्भवाच्या, म्हणजे पाणी जिथून घेतो त्या स्रोताच्या, संरक्षणाचा इतका स्वच्छ धडा राज्याच्या राजधानीतच उपलब्ध होता. तरी मुंबईने त्यातून घेतले ते वेगळेच: पुढच्या प्रत्येक टप्प्यावर शहर अधिक दूर गेले. मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा.

कायद्याच्या पुस्तकात तोवर फारसे काही नव्हते. १८६०च्या भारतीय दंड संहितेचे कलम २७७ सार्वजनिक झरा किंवा जलाशय जाणूनबुजून घाण करणाऱ्याला तीन महिन्यांची कैद किंवा पाचशे रुपये दंड सांगत होते. त्यातही गंमत अशी की विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुंबईच्या उच्च न्यायालयाने वाहती नदी ‘सार्वजनिक झरा’ या शब्दांत बसत नाही असा अर्थ लावला. म्हणजे विहीर नासवणे गुन्हा, नदी नासवणे नाही. फौजदारी कलमाचा अर्थ काटेकोर लावायचा असतो, हे मान्य. पण शहरे आणि गिरण्या ज्या नद्यांवर वाढत होत्या त्यांना पुढची साठ-सत्तर वर्षे कायद्याचे छत्र नव्हते.

खेड्यांत गोष्ट वेगळ्या अंगाने घडली आणि ती जवळजवळ विस्मरणात गेली आहे. नारूचा रोग मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांच्या अजून आठवणीत असेल. पायातून धाग्यासारखा जंतू बाहेर पडायचा. माणूस दुखरा पाय घेऊन पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की अळ्या पाण्यात, तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात आणि वर्षभराने पुन्हा पायातून बाहेर. १९८३-८४ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. विहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले, रहाट बसवले, हातपंप दिले, पाण्यात औषध टाकले, पाणी गाळायला कापड वाटले. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. या रोगाला ना लस होती ना हमखास औषध. माणसाचा पाय आणि पिण्याचे पाणी यांत अंतर पाडले, एवढ्यावर तो गेला. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात उद्भव राखल्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या नद्यांसाठी पहिला खरा कायदा राज्यानेच केला. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम, १९६९. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम आला तो १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांच्या सूचीतला विषय, म्हणून राज्यांच्या ठरावांवरून संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली तो करावा लागला. आपला कायदा आधीच असल्याने महाराष्ट्राने केंद्राचा कायदा स्वीकारला तो थेट १ जून १९८१ पासून. दरम्यान १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते आणि कारखान्यांना पाणी लागते म्हणून वसाहती पाण्याजवळ बसत होत्या: उल्हास खोऱ्यात अंबरनाथ, कुंडलिकेवर रोहा, सावित्रीवर महाड, पाताळगंगेवर तर वसाहतीचे नावच पाताळगंगा. एका हाताने राज्य नदी राखण्याचा कायदा करत होते आणि दुसऱ्या हाताने तिच्या काठी भूखंड आखत होते.

या कायद्यांची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे उलगडते. जल अधिनियम नदीकडे पाहत नाही, नदीत उघडणाऱ्या पाइपाकडे पाहतो. कारखान्याने संमतीपत्र घ्यायचे आणि ठरलेल्या मर्यादेत सांडपाणी सोडायचे. जलाशय आणि नद्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणीची (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजण्याचे हे माप) सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. उलट, केवळ निर्जंतुक करून पिण्याजोग्या नदीत ती २ पेक्षा जास्त नको आणि शुद्धीकरण केंद्रातून काढून पिण्याजोग्या नदीत ३ पेक्षा. तीसचे दोन-तीन व्हायचे तर नदीत भरपूर ताजे पाणी हवे. ते पावसाळ्यात असते. मार्चनंतर आपल्या बहुतेक नद्यांत धरणातून सुटलेले आवर्तन तेवढे वाहते. मग प्रत्येक कारखाना कागदोपत्री नियमात असूनही नदी पिण्याच्या कामाची राहत नाही. शिवाय नगरपालिकांच्या नाल्यांना विचारतो कोण? मंडळ कारखान्याला टाळे ठोकू शकते, शहराला नाही.

हीच फट बुजवण्यासाठी नदी नियमन क्षेत्र आले. १५ जुलै २००० च्या शासन निर्णयाने नद्यांचे पट्टे चार वर्गांत विभागले आणि २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली. ए-१ म्हणजे निर्जंतुक केले की पिता येईल असे पाणी, ए-२ शुद्धीकरणानंतर पिण्याचे, ए-३ माणसाने पिऊ नये पण मासे आणि वन्यजीव जगतील असे, ए-४ शेती आणि उद्योगापुरते. ए-१च्या दोन्ही तीरांना तीन किलोमीटरपर्यंत नवा उद्योग नाही, तीन ते आठ किलोमीटरमध्ये फक्त हिरव्या आणि नारिंगी वर्गातले, म्हणजे तुलनेने कमी प्रदूषण करणारे आणि त्यापलीकडे लाल वर्गालाही वाव. ए-२ला हीच अंतरे एक आणि दोन किलोमीटर. खालच्या वर्गांत आणखी कमी. उगमाकडचे पट्टे बहुतेक वरच्या वर्गात येत.

धोरणात दोष होते. सरळ रेषेतले अंतर हे प्रदूषणाचे ढोबळ माप आहे. पाणी उताराने आणि ओढ्या-नाल्यांनी वाहते, नकाशावरच्या पट्टीने नाही. आधीच बसलेल्या वसाहतींना ते लागू नव्हते. घरगुती सांडपाण्याला तर त्याने हातच लावला नव्हता. आणि त्याखाली काय परवानगी दिली, काय नाकारली, याचा हिशेब सामान्य माणसाला कधी नीट कळला नाही. असे असले तरी ‘किती घाण सोडता’ याऐवजी ‘इथे बसायलाच नको’ म्हणणारे राज्यातले ते एकमेव धोरण होते. ते काढून टाकल्यावर नदीकाठाला उरल्या त्या निळ्या आणि लाल पूररेषा. त्या पाटबंधारेवाल्यांनी पुरासाठी आखलेल्या आहेत. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. त्यांचा पाण्याच्या गुणवत्तेशी संबंध नाही.

भूजलाची कहाणी समांतर चालली. १९७२च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पाडल्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच काळात उभी राहिली. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. गावकी आणि भावकी यांत हा नियम किती पाळला गेला असेल, हे खेड्यात राहिलेल्याला सांगायला नको. तो कायदा पाणी संपू नये म्हणून होता; ते नासू नये याची तरतूद २००९ च्या नव्या अधिनियमात आली आणि तो अमलात यायला २०१४ उजाडले. ग्रामपंचायत पातळीवर मात्र एक साधी व्यवस्था टिकून आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीजवळ उकिरडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचा साठा आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग हिरवे टिकवणाऱ्यांना चंदेरी. जलसुरक्षक नावाचा कर्मचारी नमुने घेतो. ही व्यवस्था गावाच्या शिवेपर्यंत नीट चालते. शिवेबाहेर, वरच्या अंगाला शहर असले की तिचे हात संपतात.

ते कसे, हे पंचगंगेवर पाहावे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीला ही नदी होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. ऐंशी-एक किलोमीटरचा प्रवास. वाटेत कोल्हापूरचा जयंती नाला, साखर कारखाने आणि त्यांची मळी, वसाहती आणि इचलकरंजीचा काळा ओढा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही शेतीला वरदान ठरलेली रचना, पण उन्हाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की त्यामागे पाण्याबरोबर सांडपाणीही तुंबते. तेरवाड बंधाऱ्यात मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या शिरोळ तालुक्याला नव्या नाहीत. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न तोवर मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला होता. न्यायालयाने ‘नीरी’ला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला उपाययोजना सुचवायला सांगितले. कसबा बावड्याला दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र झाले.

पण दोन्ही शहरांनी भिस्त ठेवली ती नळ हलवण्यावर. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली, तिचे पाणी २०२३च्या दिवाळीत शहरात पोहोचले. इचलकरंजीने आधी मजरेवाडीहून कृष्णा आणली, मग दानोळीहून वारणा मागितली. दानोळीकरांनी ती अडवली. नंतर सुळकूडहून दूधगंगा ठरली, तेव्हा कागलकर रस्त्यावर उतरले. ‘आमची नदी तुम्ही आधी नासवली, आता दुसरी मागता’ असा त्या विरोधाचा सूर होता. त्यात शेतीच्या पाण्याची भीती आणि राजकारण दोन्ही मिसळलेले होते. पण युक्तिवाद खोडून काढणे सोपे नाही.

मावळात याच वादाला रक्त लागले. पिंपरी-चिंचवड रावेतच्या बंधाऱ्यातून पवना नदीचे पाणी उचलते. धरणापासून तिथपर्यंत नदीत गावांचे आणि उपनगरांचे सांडपाणी मिसळते, म्हणून थेट धरणातून बंद जलवाहिनी आणायचे ठरले. शेतकऱ्यांना नदी कोरडी पडण्याची धास्ती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. प्रकल्प वर्षानुवर्षे थांबला. बंद वाहिनीचा तांत्रिक तर्क बिनचूक आहे: उघड्या नदीपेक्षा पाइप स्वच्छ. पण शहर आपले पाणी पाइपात घालते तेव्हा नदी स्वच्छ ठेवण्यातला त्याचा स्वार्थही संपतो आणि काठच्या गावांसाठी भांडणारा सर्वांत बलवान भागीदार निघून जातो.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत उतरते. उजनी हा सोलापूरचा पिण्याच्या पाण्याचा उद्भव आहे. पुणे महापालिका सोलापूरकरांना उत्तरदायी नाही, सोलापूरची पुण्यावर सत्ता नाही. मधे प्रदूषण नियंत्रण मंडळ, जलसंपदा विभाग आणि जीवन प्राधिकरण, प्रत्येकाचा वाटा वेगळा. केंद्रीय मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, २०२२च्या यादीत ३११ पैकी ५५. दोन्ही वेळा संख्येत राज्य पहिले. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून राज्यांत नदी पुनरुज्जीवन समित्या झाल्या आणि कृती आराखडे तयार झाले. त्यांचा भर पुन्हा प्रक्रिया केंद्रांवर आहे.

अंतराची कल्पना पूर्णपणे मेली मात्र नाही, ती दुसऱ्या दाराने परत आली आहे. कृष्णा, भीमा, गोदावरी, पंचगंगेच्या उपनद्या या सगळ्यांचे उगम सह्याद्रीत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल २०११ मध्ये गाडगीळ समितीचा आणि २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला. त्यावरच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने वारंवार काढला, मुदत संपली, पुन्हा काढला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरले आहे आणि तिथे लाल वर्गातल्या नव्या उद्योगांना बंदी सुचवली आहे. जुन्या ए-१ पट्ट्याच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद आज हीच. काही गावे आणि औद्योगिक पट्टे त्यातून वगळावेत अशी राज्याची मागणी आहे.