मॉर्फिनचा डोस जास्त लागणं वेगळं, मॉर्फिन लागू न पडणं वेगळं

कॅन्सरच्या पेशंटचा मॉर्फिनचा (जोरदार वेदनाशामक) डोस दोनदा वाढवावा लागला की कोणीतरी म्हणतंच, 'याला औषध लागूच पडत नाहीये'. कान किटलेत हे ऐकून. डोस का वाढतो ते बहुतेकांना माहीत असतं, गाठ वाढली, शरीराला औषधाची सवय झाली वगैरे (आणि ही सवय म्हणजे व्यसन नव्हे, तो घोळ परत नको).

आता हे बघा. एक पेशंट दिवसाला २४० मिग्रॅ मॉर्फिन घेतोय, वेदना दहापैकी दोन, नीट जेवतोय, गप्पा मारतोय. दुसरा ६० मिग्रॅवरच आहे, वेदना सात, दिवसभर पेंगतोय आणि डोस वाढवला तर आणखीच गुंगतोय. लागू कोणाला पडलंय? पहिल्याला! मॉर्फिनला पॅरासिटामॉलसारखी ठरलेली कमाल मर्यादा नसते, त्यामुळे नुसत्या मिलिग्रॅमवरून काही कळत नाही, सोसवतील एवढ्याच साइड इफेक्टमध्ये पुरेसा आराम मिळतोय का एवढंच बघायचं. आणि बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून न देता आठवड्याने 'मॉर्फिन सोसत नाही' म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत.

मॉर्फिन कोणाला लागू पडेल याचा आधीच अंदाज बांधायचा म्हटलं की डोस आणि आराम यांच्या याच घोळामुळे गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. युरोपात २२९४ कॅन्सर पेशंटचे जीन्स तपासून मॉर्फिनसारख्या औषधांच्या डोसशी संबंध लागतो का ते पाहिलं होतं, २०११ मध्ये निकाल आला, एकाही जीनचा संबंध पक्का ठरला नाही. त्यातही प्रश्न डोसचा होता, आराम किती पडेल हा नव्हे. त्यापेक्षा एडमंटन वर्गीकरण (कॅन्सरची वेदना आटोक्यात आणणं किती अवघड जाईल याचा अंदाज घ्यायची पद्धत) मला जास्त कामाचं वाटतं, त्यात पाच गोष्टी बघतात: वेदना मज्जातंतूची आहे का, हालचालीने उसळते का, मानसिक त्रास, व्यसनाचा इतिहास, आणि पेशंट भानावर किती आहे.

यातली हालचालीची वेदना सगळ्यात जास्त फसवते. हाडात कॅन्सर पसरलेला माणूस स्वस्थ पडलेला असतो तेव्हा वेदना दोन, कूस बदलली की आठ, पाच-दहा मिनिटांत परत दोन. त्या आठसाठी दिवसभराचा डोस वाढवला तर उरलेला सगळा वेळ तो नुसता झोपून राहणार. इथे उठण्याच्या आधी झटपट काम करणाऱ्या औषधाचा जादा डोस, जमल्यास त्या हाडाला रेडिएशन.

जीनला खरा अर्थ आहे तो कोडीन आणि ट्रामाडॉल या मॉर्फिनच्याच जातीच्या सौम्य औषधांच्या बाबतीत. कोडीनचं मॉर्फिन यकृतातलं सीवायपी-२डी६ हे एन्झाइम करतं, जीननुसार काहींच्यात ते चालतच नाही (मग कोडीनचा गुण येत नाही), काहींच्यात भलतंच जोरात चालतं (मग मॉर्फिन जास्त होतं). पण त्यासाठी टेस्ट करत बसण्यापेक्षा डॉक्टरांनी सरळ कमी डोसचं मॉर्फिनच का सुरू करू नये, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.