रुमी मस्तकीची गावं: खियोस बेटाची पार्श्वभूमी

काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी, म्हणजे एका झुडपाचा सुकलेला डिंक, मागितली की फिकट पिवळ्या खड्यांची इवलीशी पुडी मिळते आणि भाव ऐकून माणूस गपगार होतो. खरी असेल तर ती ग्रीसच्या खियोस बेटावरची, तेही बेटाच्या दक्षिण भागातली. हे झुडूप तसं भूमध्य समुद्राकाठी बऱ्याच ठिकाणी उगवतं, पण असा डिंक मिळतो तो इथेच. म्हणून तिकडे फिरायला जाणार असाल तर आधी या डिंकाची गोष्ट माहीत हवी, नाहीतर नुसते बोळ बघून परत याल.

तिथले लोक सांगतात की इसिदोर नावाच्या रोमन सैन्यातल्या माणसाने ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला, साधारण इ.स. 251 मध्ये त्याला हालहाल करून मारलं आणि ते बघून झाडं रडली, म्हणून डिंकाच्या थेंबांना आजही अश्रूच म्हणतात. गोष्ट छानच आहे, फक्त दियोस्कोरिदेस या ग्रीक वैद्याने पहिल्याच शतकात खियोसची मस्तकी सगळ्यात चांगली असं लिहून ठेवलंय, म्हणजे झाडं त्याच्या आधीपासूनच रडत होती की!

1346 मध्ये जेनोआ या इटलीतल्या व्यापारी शहराच्या लोकांनी बेट घेतलं आणि डिंकाचा सगळा धंदा मुठीत ठेवला. मेस्ता, पिर्गी, ओलिंबी ही गावं त्या काळात किल्ल्यासारखी बांधलेली, कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हीच तटबंदी, मध्ये बुरूज, आणि बोळ इतके वळणावळणाचे की चाचे आत शिरलेच तर गोंधळूनच जावेत. गच्च्या एकमेकींना लागून, म्हणजे वरच्या वर पळता यायचं. पिर्गीत तर घरांच्या गिलाव्यावर चुना लावून तो ओला असतानाच काट्याने खरवडतात, की खालचा काळपट थर दिसतो आणि त्रिकोण-चौकोनांची नक्षी तयार होते, आपल्या रांगोळीसारखी पण उभ्या भिंतीवर.

1566 ला ऑटोमन तुर्क आले. सुलतानाच्या जनानखान्यात मस्तकी चघळायला लागायची त्यामुळे या गावांना सवलती मिळाल्या, तुर्कीत तर बेटाचं नावच साकिझ, म्हणजे डिंक. 1822 मध्ये ग्रीकांच्या बंडाचा सूड म्हणून ऑटोमनांनी बेटावर हजारो माणसं कापली, हजारो गुलाम म्हणून विकली, ही गावं मात्र बरीचशी वाचली, कारण झाडांना चिरा पाडणारे हातच गेले असते तर डिंक काढणार कोण. 1912 पासून बेट ग्रीसकडे आहे.

चिरा अजूनही उन्हाळ्यातच पाडतात, खाली पांढरी माती पसरतात म्हणजे पडलेला थेंब मळत नाही, आणि मग हिवाळाभर बायका घरी बसून एकेक खडा चाकूच्या टोकाने साफ करतात.