एकपदरी पटल छत

सपाट छतावर डांबराचे अनेक थर चढवण्याऐवजी कृत्रिम रबराचे किंवा प्लॅस्टिकचे एकच जलरोधक पटल अंथरण्याची पद्धत. गोदामे, कारखाने, व्यापारी संकुले अशा मोठ्या इमारतींवर ती वापरतात. पटल साधारण १ ते २.३ मिमी जाड असते. त्याखाली बहुधा उष्णतारोधक फळ्या असतात आणि त्यांच्याखाली पत्र्याचे किंवा काँक्रीटचे मूळ छत. डांबरी छतात वरचा थर चिरला तरी खालचा काही काळ पाणी अडवतो. इथे तशी दुसरी संधी नाही. म्हणून प्रकार निवडताना पटलाच्या रासायनिक नावापेक्षा त्याचे सांधे कसे जोडतात हे आधी पाहावे.

ईपीडीएम हे कृत्रिम रबर १९६० च्या दशकापासून छतांवर वापरात आहे. ते एकदा पक्के झाले की उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे सांधे गोंदाने किंवा चिकटपट्टीने जोडावे लागतात. ही त्याची दुबळी बाजू. मात्र त्याचे ताव १५ मीटरपर्यंत रुंद मिळतात, म्हणजे मुळात सांधेच कमी पडतात. थंडीतही ते लवचीक राहते. त्याला काळा रंग देणारे कार्बन ब्लॅक अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. पण काळे छत उन्हात तापतेही तितकेच. तेल आणि चरबी लागली की हे रबर फुगते.

पीव्हीसी आणि टीपीओ ही प्लॅस्टिकची पटले उष्णतेने मऊ होतात. कडा एकमेकींवर चढवून गरम हवेने जोडल्या की त्या एकजीव होतात. थंड झाल्यावर बोथट टोकाची सळई सांध्यावरून फिरवली, तर सुटलेली जागा लगेच कळते.

पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लॅस्टिसायझर घालून ते मऊ करतात. वर्षानुवर्षे ते द्रव्य झिरपून गेले की पटल आक्रसते आणि ठिसूळ होते. आत जाळी नसलेली जुनी पटले थंडीत अचानक तडकत. आता पॉलिएस्टरची जाळी घालतात. डांबर किंवा पॉलिस्टायरीन (थर्माकोल) यांना पीव्हीसी थेट टेकू देत नाहीत, मध्ये विलग करणारा थर घालतात. स्वयंपाकघराचा तेलकट धूर ज्या छतावर सुटतो तिथे मात्र हेच पटल उजवे ठरते. क्लोरीनमुळे ते सहज पेटही घेत नाही.

टीपीओ १९९० च्या दशकात पुढे आले. पॉलिप्रॉपिलीन आणि इथिलीन-प्रॉपिलीन रबर यांच्या मिश्रणातून बनलेल्या या पटलात क्लोरीन नसते, द्रवरूप प्लॅस्टिसायझरही नसतो. ते बहुधा पांढरे असल्याने ऊन परावर्तित करते. सुरुवातीची काही मिश्रणे उष्णतेने लवकर खराब झाली आणि उत्पादकांना ती बदलावी लागली. जुन्या टीपीओ छताचा अनुभव नव्याला जसाच्या तसा लावू नये.

पटल बसवण्याच्या रीती तीन: स्क्रू व चकत्यांनी ठोकणे, पूर्ण पृष्ठभाग चिकटवणे, किंवा सैल अंथरून वर गोटे पसरणे. गोट्यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५० किलो होते, ते पेलण्याची ताकद खालच्या बांधकामात हवी. वाऱ्याची उचल कोपऱ्यांत आणि कडांना सर्वाधिक असते, म्हणून ठोकलेल्या छतात तिथे स्क्रू जास्त दाट मारतात. गळती मात्र बहुतेकदा मोकळ्या पटलात नव्हे, तर पाइप, कठडा आणि पाण्याची तोंडे यांच्याभोवती सापडते.