ऐतिहासिक लांबी-एककांचे सूक्ष्म एककांत रूपांतर

हात, अंगुळ, जव, फूट, इंच, त्वाज (फ्रान्सचे जुने माप) अशी जुनी मापे मायक्रोमीटर, नॅनोमीटर, अँगस्ट्रॉम किंवा फेम्टोमीटरमध्ये मांडणे. गणित शाळकरी आहे. जुन्या एककाची मीटरमधली किंमत घ्यायची आणि दशांशचिन्ह सरकवायचे. मायक्रोमीटर हा मीटरचा दहा लाखावा भाग, नॅनोमीटर अब्जावा, अँगस्ट्रॉम नॅनोमीटरचा दहावा, तर फेम्टोमीटर नॅनोमीटरचा दहा लाखावा. अडचण येते ती पहिल्याच पायरीवर: मीटरमधली किंमत कोणती धरायची?

इंचापुरते उत्तर सोपे आहे. १ जुलै १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, असे इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख देशांनी मान्य केले. म्हणून एका इंचात २,५४,००,००० नॅनोमीटर किंवा २५,४०,००,००० अँगस्ट्रॉम येतात आणि ही शून्ये खरी आहेत. कोणी मोजून काढलेली नाहीत, ठरवलेली आहेत. त्याआधी परिस्थिती वेगळी होती. अमेरिकेत मीटर म्हणजे ३९.३७ इंच, तर ब्रिटनमध्ये ३९.३७०११३ इंच धरत. मिलिमीटरच्या पट्टीवर हा फरक दिसतच नाही. नॅनोमीटरमध्ये लिहिले की अमेरिकी इंच आजच्यापेक्षा सुमारे ५१ नॅनोमीटर मोठा आणि ब्रिटिश सुमारे २२ नॅनोमीटर लहान निघतो. अमेरिकी भूमापनात जुनाच फूट पुढेही चालू राहिला. तो आंतरराष्ट्रीय फुटापेक्षा सुमारे ६१० नॅनोमीटर लांब, म्हणजे नारिंगी प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढा. इतक्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. पण तीस लाख फुटांच्या अंतरात तो सहा फूट होतो. २०२२ च्या अखेरीस हा फूट अधिकृतपणे निवृत्त झाला.

फ्रान्सच्या त्वाजची गोष्ट अधिक बोलकी आहे. एका त्वाजचे सहा फूट, ७२ इंच आणि ८६४ रेषा; रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग. अर्थात फूट आणि इंच पॅरिसचे, इंग्रजी नव्हेत. १७९९ मध्ये मीटरची लांबी ४४३.२९६ रेषा अशी कायद्याने ठरली. त्यावरून एक रेषा सुमारे २.२५५८२९ मिलिमीटर, म्हणजेच २२,५५,८२९ नॅनोमीटर. आकडा देखणा आहे. पण मूळ प्रमाण होते लोखंडाची एक पट्टी, पेरूकडे निघालेल्या १७३५ च्या भूमापन मोहिमेने सोबत नेलेली. लोखंड तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते. म्हणजे खोली एक अंशाने तापली की पट्टीवरची प्रत्येक रेषा सुमारे २७ नॅनोमीटरने लांबते आणि वरच्या आकड्यातले शेवटचे दोन अंक हलतात. म्हणूनच त्या व्याख्येत पट्टीचे तापमानही नोंदवावे लागले.

याहून मागे गेले की पट्ट्याच एकमेकींशी जुळत नाहीत. प्राचीन इजिप्तच्या शाही हाताच्या उपलब्ध काठ्या साधारण ५२३ ते ५२९ मिलिमीटर भरतात. त्याला ५२,४०,००,००० नॅनोमीटर म्हणायला हरकत नाही, फक्त काठ्याकाठ्यांतला फरकच साठ लाख नॅनोमीटर आहे हे विसरू नये. इंग्रजी परंपरेत तीन जवांचा एक इंच होता. आजच्या इंचाने भागले तर एक जव ८४,६६,६६६.६… नॅनोमीटर येतो. दाणा असा पुनरावर्ती दशांशात पिकत नाही. कॅल्क्युलेटर मागाल तितके अंक देतो. त्यातले किती वापरायचे हे माप घेणाऱ्याने ठरवायचे असते.

काही जुन्या कोष्टकांना सूक्ष्माची स्वतःचीच ओढ होती. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडवलेला एक धूलिकण, आठ कणांची एक लिक्षा, आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल सांगितले आहे. म्हणजे एका अंगुलात ३२,७६८ परमाणू. अंगुल १९ मिलिमीटर धरले तर हा परमाणू सुमारे ५८० नॅनोमीटरचा ठरतो. आधुनिक अणू साधारण ०.१ ते ०.५ नॅनोमीटरचा असतो, तेव्हा नावावरून दोघांची गल्लत करू नये. लिक्षा आणि यूका म्हणजे लीख आणि ऊ. कोष्टक डोळ्यांना दिसणाऱ्या जगातून खाली उतरले आहे, हे त्यावरून उघड होते.

सूक्ष्म एककेही सुरुवातीपासून निर्दोष नव्हती. ज्यांच्या नावावरून अँगस्ट्रॉम हे नाव पडले, त्या स्वीडनच्या आंदेर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या तरंगलांबी मीटरच्या दहा अब्जाव्या भागांत दिल्या. त्यांनी आधार धरलेल्या मीटरपट्टीच्या लांबीत सुमारे सहा हजारात एक इतकी चूक होती. सोडियमचा पिवळा प्रकाश सुमारे ५,८९० अँगस्ट्रॉमचा. म्हणजे त्या ठिकाणी चूक जवळजवळ एक अँगस्ट्रॉम भरते. क्ष-किरणांच्या तरंगलांबीसाठी स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ मान सीगबान यांनी बसवलेले एक्स-एकक अँगस्ट्रॉमचा हजारावा भाग व्हावे अशी अपेक्षा होती. त्यासाठी कॅल्साइट स्फटिकातल्या थरांमधले अंतर आधाराला घेतले होते आणि ते अंतर ज्या स्थिरांकांवरून काढले त्यांतच खोट होती. परिणामी एक हजार एक्स-एकके भरतात सुमारे १.००२ अँगस्ट्रॉम. जुन्या क्ष-किरण कोष्टकांतली तरंगलांबी आज वापरायची, तर तिचेही आधी रूपांतर करावे लागते.