दक्षिण ऑस्ट्रेलियातील जर्मन वसाहती

एकोणिसाव्या शतकात प्रशिया या जर्मन राज्यातून निघालेल्या ल्यूथरपंथीयांनी (मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी) दक्षिण ऑस्ट्रेलिया या ब्रिटिश वसाहतीत वसवलेली गावे. १८३८ मध्ये सुरू झालेल्या या स्थलांतराचे वेगळेपण असे, की पहिल्या तुकड्यांत सुटी माणसे फारशी नव्हती. पाद्र्यासह आख्खी मंडळीच्या मंडळी, बायकापोरे आणि म्हातारी माणसे घेऊन आली. पुढे टिकलेल्या बऱ्याच गोष्टींचे, आणि झालेल्या भांडणांचेही, मूळ त्यात आहे.

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याने १८१७ मध्ये ल्यूथरपंथी व सुधारित पंथीय (कॅल्व्हिनला मानणारी) अशी दोन्ही प्रोटेस्टंट चर्चे एकत्र करण्याचा घाट घातला. एकच प्रार्थनाविधी सर्वांवर लादण्याचा आग्रह १८३० पासून कडक झाला. ज्यांनी तो नाकारला त्यांना ‘जुने ल्यूथरपंथी’ म्हणू लागले. त्यांच्या पाद्र्यांना पदावरून काढले, काहींना तुरुंगात टाकले, गुपचूप प्रार्थनेला जमणाऱ्या शेतकऱ्यांना दंड ठोठावले. प्रशियाच्या सायलीशिया प्रांतातील ह्योनिगर्न गावी तर १८३४ च्या नाताळात सैन्य पाठवून चर्चचा ताबा घेण्यात आला. एका प्रार्थनापुस्तकासाठी एवढा खटाटोप आज अतर्क्य वाटतो. पण त्या गावकऱ्यांच्या लेखी तो मोक्षाचा प्रश्न होता.

ब्रांडेनबुर्ग प्रांतातील क्लेम्झिग (आता पोलंडमध्ये) येथील पाद्री आउगुस्ट काव्हेल १८३६ मध्ये आसरा शोधत लंडनला गेला. तेथे त्याची गाठ जॉर्ज फाइफ अँगस याच्याशी पडली. अँगस हा साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीचा अध्यक्ष आणि स्वतः इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचा धर्मनिष्ठ व्यापारी. त्याच वर्षी स्थापन झालेल्या या वसाहतीत कैदी पाठवायचे नाहीत, जमीन फुकट वाटायची नाही, ती विकून येणाऱ्या पैशातून मजूर आणायचे, अशी योजना होती. तिला कष्टाळू शेतकरी हवेच होते. अँगसने प्रवासखर्चाची रक्कम कर्जाऊ दिली. त्यात धर्मबंधुत्व किती आणि हिशेब किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. प्रशियाने मात्र पासपोर्ट द्यायला सुमारे दोन वर्षे लावली.

१८३८ च्या उन्हाळ्यात हे लोक नदीमार्गे हँबुर्गला पोहोचले. काव्हेलसह ‘प्रिन्स जॉर्ज’ हे जहाज नोव्हेंबरमध्ये आले. ॲडलेडजवळ टॉरेन्स नदीकाठी अँगसच्या जमिनीवर पहिले गाव उभे राहिले. त्याला मागे सोडलेल्या गावाचेच नाव दिले, क्लेम्झिग. डिसेंबरअखेर ‘झेब्रा’ आले. त्याचा कप्तान डिर्क हान याचे काम खरे तर उतारू उतरवून संपत होते. पण या लोकांना ठिकाणी लावल्याशिवाय परतायचे नाही असे त्याने ठरवले, टेकड्यांत जाऊन जमीनमालकांशी घासाघीस केली, आणि पहिले वर्ष खंड माफ अशा बोलीवर माउंट बार्करजवळ जागा मिळवून दिली. १८३९ मध्ये वसलेल्या त्या गावाला त्याच्यावरूनच हानडॉर्फ नाव पडले. ही भूमी पेरामँक या आदिवासी लोकांची होती. सौदा करताना त्यांना कोणी विचारले नाही.

हानडॉर्फच्या बायका भाजीपाला, लोणी, अंडी पाटीत व खांद्यावरच्या कावडीत घालून मध्यरात्री निघत आणि टेकड्या उतरून पहाटे ॲडलेडच्या बाजारात पोहोचत. वाट पंचवीस किलोमीटरच्या वर. बूट झिजू नयेत म्हणून ते हातात धरून त्या अनवाणी चालत. मेंढ्यांची लोकर कातरायलाही त्या मजुरीने जात. कर्ज फिटले ते अशा कमाईतून.

याच सुमारास दोन जर्मन मिशनरीही आले होते, तेही ‘पेस्तनजी बमनजी’ या पारशी नावाच्या जहाजातून, नव्या गव्हर्नरसोबत. टायखेलमान व श्यूरमान या दोघांनी ॲडलेड परिसरातील काउर्ना या आदिवासी लोकांची भाषा शिकून त्यांच्या मुलांना त्याच भाषेत शिकवले आणि १८४० मध्ये तिचे व्याकरण व शब्दसंग्रह छापला. धर्मांतराच्या कामात त्यांना यश आले नाही. रोजच्या वापरातून गेलेली ही भाषा आज पुन्हा शिकवली जाते, ती मुख्यतः त्या पुस्तकाच्या आधारे.

ॲडलेडच्या ईशान्येकडील बरोसा खोऱ्यातील वस्ती अँगसच्या अडचणीतून झाली. त्याचा मुनीम चार्ल्स फ्लॅक्समन याने मालकाला न विचारता खोऱ्यातील २८,००० एकर जमीन खरेदी केली आणि अँगस दिवाळखोरीच्या काठावर आला. जमीन खपवायला जर्मन कुळे सोयीची होती. १८४२ मध्ये बेथानी वसले, लगोलग लांगमाइल. बेथानीत घरे रस्त्याला लागून आणि प्रत्येकाच्या जमिनीची अरुंद लांब पट्टी मागे ओढ्याकडे गेलेली, ही प्रशियातील रचना अजून ओळखू येते. योहानेस मेंगे या खनिजशास्त्रज्ञाने इथे द्राक्षे होतील असे आधीच सांगितले होते. योहान ग्राम्पने १८४७ मध्ये जेकब्स क्रीककाठी वेली लावल्या. १८५१ मध्ये योसेफ सेपेल्ट, पुढे मोठा मद्यउत्पादक झालेला, या खोऱ्यात स्थायिक झाला.

धर्मासाठी आलेली मंडळी धर्मावरूनच फुटली. येशू परत येऊन पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील या समजुतीविषयीच्या मतभेदातून १८४६ मध्ये काव्हेल आणि १८४१ ला आलेला पाद्री फ्रिट्शे यांचे गट वेगळे झाले. ही फूट मिटायला शंभराहून अधिक वर्षे गेली. तिकडे प्रशियाचा राजा १८४० मध्येच वारला होता आणि छळ थांबला होता. त्यानंतरची बहुतेक मंडळी जमिनीसाठी आली, आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर काही उदारमतवादी सुशिक्षितही. वनस्पतिशास्त्रज्ञ रिखार्ड शोंबुर्क त्यांपैकीच. पुढे तो ॲडलेडच्या वनस्पती उद्यानाचा संचालक झाला.

पहिल्या महायुद्धात तीन पिढ्यांची राजनिष्ठा कामी आली नाही. ॲडलेडजवळच्या टॉरेन्स बेटावर जर्मनांसाठी नजरकैदेची छावणी उघडली. तिथल्या अमानुष वागणुकीमुळे ती १९१५ मध्ये बंद करावी लागली. १९१७ मध्ये ४९ ल्यूथरन शाळा बंद झाल्या, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ६९ जर्मन स्थलनामे पुसली गेली. हानडॉर्फचे अँबलसाइड झाले, लोबेथालचे ट्वीडव्हेल, ग्रुंथालचे व्हर्डन, आणि क्लेम्झिगचे, ब्रिटिशांनी नुकत्याच जिंकलेल्या लढाईवरून, गाझा. हानडॉर्फ, लोबेथाल, क्लेम्झिग ही नावे १९३५ मध्ये परत मिळाली. व्हर्डन मात्र अजून व्हर्डनच आहे.