नागरी संरक्षण दलात प्रथमोपचारासाठी नाव द्यायचंय? भुसावळकरांचे अर्ज इथे अडतात

केंद्राने ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा, म्हणजे हल्ला झाला तर नागरिकांना वाचवण्याचा, सराव घ्यायला सांगितलं, त्या यादीत खान्देशातलं भुसावळ होतं. रेल्वे जंक्शन, ऑर्डनन्स फॅक्टरी, शेजारी दीपनगरचं वीज केंद्र. कारण वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत कितीतरी जणांचे अर्ज मी भरून दिले. त्यातले बरेच परत आले, म्हणून हे लिहितोय.

भारतीय नागरिक, १८ वर्षं पूर्ण आणि किमान चौथी पास, एवढीच मूळ पात्रता आहे. जखमींच्या सेवेसाठी डॉक्टर-नर्सच लागतात असं समजून घरी बसू नका. रक्त थांबवणं, मोडलेलं हाड हलू न देता बांधणं, स्ट्रेचर उचलणं हे सगळं शिकवलं जातं. शाळेचा दाखलाच नसेल तरी माघारी फिरू नका. चौथीची अट शिथिल करण्याचा अधिकार नियंत्रकांना, म्हणजे दलाच्या प्रमुख अधिकाऱ्याला आहे. खिडकीवर कुणी ‘होत नाही’ म्हटलं तर नियंत्रकांच्या नावे लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवर नाव टाकलं की आपण दलात आलो, असं अनेक पोरांना वाटतं. तिथे तुम्ही फक्त तयारी दाखवली. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याप्रमाणे नेमणूक झाल्यावर सदस्यत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते लग्न झालेल्या बायकांचे. एक काकू आल्या होत्या, वीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलेल्या. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अर्जावर लाल पेनने ‘नावात तफावत’ एवढे दोनच शब्द. पुढे काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. घडी घालून घालून तो कागद मधोमध फाटायला आला होता. इतका कामाचा माणूस दोन शब्दांसाठी घरी बसतो, याचा मला फार राग येतो.

यावर उपाय म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते बहुतेकांकडे नसतंच, कारण ‘नव्वद दिवसांत नोंदवा’ याचा अर्थ लोक ‘नंतर होतच नाही’ असा लावतात. तसं नाही. उशीर झाला तर विलंब शुल्क भरून नोंद होते. लग्नपत्रिका, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे आणि तीन साक्षीदार लागतात. पत्रिका जपून ठेवलेली नसेल तर त्याऐवजी काय चालेल ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच विचारून या, म्हणजे साक्षीदारांना दोनदा कामधंदा सोडावा लागणार नाही.

फोटो, आधार, रहिवासाचा पुरावा हे नेहमीचंच. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स ठेवा.

अर्ज अडकलेला असला तरी रक्त देता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने, बायकांनी चार महिने अंतर ठेवावं. उपाशीपोटी जाऊ नका, परत पाठवतात. आणि बातमी आली म्हणून सगळे एकाच दिवशी धावू नका. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवसच टिकते, आणि आपल्या नंदुरबारच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना युद्ध असो-नसो रक्त लागतंच. रक्तपेढीत नंबर देऊन ठेवा, बोलावतील तेव्हा जा.