टोन कंट्रोल बदलताय? आधी पॉट बघा, मग कॅपॅसिटर
इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टोनचा नॉब १० वरून ३ पर्यंत आणला तरी आवाजात काही फरक पडत नाही, आणि ३ ते ० मध्ये मात्र आवाज एकदम बसतो, ही तक्रार फार सर्रास येते. यावर उपाय म्हणून बहुतेक जण भारीतला कॅपॅसिटर मागतात. दोष मात्र बहुतेक वेळा पॉटचा (नॉबखालचा, फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) असतो. म्हणून या पत्रकात पॉटला जास्त जागा दिली आहे.

टोन कंट्रोलमध्ये भाग दोनच, एक पॉट आणि एक कॅपॅसिटर (जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात). पिकअपमधून येणाऱ्या सिग्नलमधला वरच्या पट्टीचा, तीक्ष्ण भाग कॅपॅसिटर ग्राउंडकडे वाहून नेतो. किती न्यायचा ते पॉट ठरवतो. नॉब १० वर असताना कॅपॅसिटरच्या वाटेत पॉटचा पूर्ण २५० किंवा ५०० किलोओहम रेझिस्टन्स आडवा असतो. त्यापुढे ४००० हर्ट्झला २२ नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरचा स्वतःचा अडथळा जेमतेम १.८ किलोओहम. त्यामुळे टोन कायम १० वर ठेवून वाजवणाऱ्याने कॅपॅसिटर कुठलाही बसवला तरी कानाला फरक कळणार नाही. पॉटची किंमत (म्हणजे किती किलोओहम, पैसे नव्हे) मात्र १० वरही ऐकू येते.

पॉट : २५० की ५००

सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप) २५० किलोओहम आणि हमबकरला (दोन वेटोळ्यांचा) ५००, हा प्रचलित नियम. त्यामागचं कारण समजलं की नियम कधी मोडायचा तेही समजतं. पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं. स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स साधारण २.५ हेन्री असतो. त्याला पाचेक मीटर केबलची सुमारे ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्स मिळाली की ४००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला एक उंचवटा येतो. गिटारची चकाकी म्हणतात ती हीच. ४.५ हेन्रीच्या हमबकरचा हाच उंचवटा ३००० हर्ट्झच्या जवळ उतरतो, म्हणून तो मुळातच जाड वाजतो. पॉटचा रेझिस्टन्स जितका कमी, तितका हा उंचवटा दाबला जातो. म्हणून हमबकरवर २५० लावला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो आणि सिंगल कॉइलवर ५०० लावला तर बऱ्याच जणांना तो कानात टोचतो. फेंडरने १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये सिंगल कॉइलवरही १ मेगओहमचे पॉट लावले होते. त्या गिटारच्या लख्ख आवाजात त्या पॉटचाही वाटा आहे.

व्हॉल्यूम आणि टोन हे दोन्ही पॉट पिकअपवर एकाच वेळी भार टाकतात हे विसरू नका. ५०० चे दोन पॉट मिळून पिकअपला २५० दिसतात, २५० चे दोन मिळून १२५. आवाज फार दबका वाटत असेल तर सगळं उचकटू नका, फक्त व्हॉल्यूम पॉट २५० वरून ५०० करून बघा.

ब्रिजला हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी गिटार असेल तर ५०० चे पॉट घ्या आणि सिंगल कॉइल निवडल्यावरच ग्राउंडशी जोडला जाईल असा ४७० किलोओहमचा रेझिस्टर स्विचवर लावून घ्या. ५०० आणि ४७० समांतर जोडले की २४२ होतात, म्हणजे सिंगल कॉइलला हवे तितकेच. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. त्यांना २५ किलोओहमचे पॉट लागतात.

पॉटवर छापलेला आकडा अंदाजाचा समजा. साधारणपणे २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ‘२५०’ लिहिलेला पॉट २०० ही भरू शकतो आणि ३०० ही. मल्टीमीटर दोन मेगओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही कडेच्या पायांमध्ये मोजा. हे सोल्डर करण्याआधीच करा. सर्किटमध्ये बसलेला पॉट मोजला तर पिकअपचे ६ ते ८ किलोओहम आड येतात आणि पॉट बाद आहे असा गैरसमज होतो.

लिनिअर की लॉग

वर सांगितलेल्या तक्रारीचं मूळ इथे आहे. लिनिअर पॉटचा रेझिस्टन्स नॉबच्या फेरीच्या सम प्रमाणात बदलतो, म्हणून २५० च्या लिनिअर पॉटमध्ये नॉब ५ वर आणला तरी १२५ किलोओहम शिल्लक असतात, आणि तेवढ्यात फारसं काही ऐकू येत नाही. खरा बदल शेवटच्या २०-३० किलोओहममध्ये होतो आणि लिनिअर पॉटवर तो १ आणि ० च्या मधल्या चिमूटभर जागेत कोंबला जातो. लॉग (लॉगॅरिदमिक) पॉट ५ वरच १० ते १५ टक्क्यांपर्यंत खाली येतो, म्हणून बदल नॉबच्या पूर्ण फेरीत पसरतो. टोनसाठी लॉगच घ्या. आजच्या बहुतेक पॉटवर लॉगची खूण ‘ए’ आणि लिनिअरची ‘बी’ असते. काही जुन्या युरोपीय पॉटवर हीच अक्षरं नेमकी उलटी असतात, म्हणून अक्षरावर विसंबू नका. नॉब मध्यावर ठेवून मधला पाय आणि एक कडेचा पाय यांत मोजा, मग दुसऱ्या कडेशी मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर लिनिअर, एक बाजू फारच लहान आली तर लॉग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसता ‘५०० के’ मागू नका. ‘लॉग’ हा शब्द म्हणा आणि पैसे देण्याआधी तिथेच मोजून घ्या.

बसेल का तेही बघा. मोठ्या अमेरिकन धर्तीच्या पॉटला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. लहान मेट्रिक पॉटचा आटा ७ किंवा ८ मिलिमीटरचा असतो. लहान भोकात मोठा पॉट घालायला ड्रिल सरळ चालवलं तर लॅकरचा टवका उडतो. टेपर रीमरने (भोक मोठं करायचं निमुळतं हत्यार) हाताने, थोडं थोडं वाढवा. दांडाही तपासा. दातेरी दांड्यावर दाबून बसणारा नॉब लागतो, गुळगुळीत दांड्यावर बाजूच्या स्क्रूचा. अमेरिकन आणि मेट्रिक दात्यांची संख्या वेगळी असते, त्यामुळे जुना नॉब नव्या दांड्यावर ठोकून बसवला की तडकतो. लेस पॉलसारख्या फुगीर, जाड वरच्या भागाला लांब मानेचा पॉट हवा.

कॅपॅसिटर : किंमत (नॅनोफॅरड) महत्त्वाची, जात नव्हे

नॉब ० वर गेला की पिकअप आणि कॅपॅसिटर मिळून उंचवटा खूप खाली ओढतात. २.५ हेन्रीच्या सिंगल कॉइलला ४७ नॅनोफॅरड लावले की तो ४६० हर्ट्झच्या आसपास येतो. ४.५ हेन्रीच्या हमबकरला २२ लावले की ५०० च्या जवळ. जवळपास एकच जागा, म्हणूनच सिंगल कॉइलला ४७ आणि हमबकरला २२ हा रिवाज पडला. हमबकरला ४७ लावलं तर तो ३५० पर्यंत घसरतो आणि ० वर सूर ओळखू येईनासा होतो. ० वरही सूर स्पष्ट राहावा असं वाटत असेल तर हमबकरला १० नॅनोफॅरड लावून बघा. तेव्हा उंचवटा ७५० हर्ट्झच्या आसपास राहतो आणि लीड वाजवताना तो फार गोड लागतो. आमच्या मते नॉब शून्यापर्यंत न नेणाऱ्या बहुतेक वादकांना रूढ किंमतीपेक्षा लहान कॅपॅसिटरच जास्त उपयोगी पडतो.

कॅपॅसिटरवरचा आकडा असा वाचा : २२३ म्हणजे २२ च्या पुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजेच २२ नॅनो किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. ४७३ म्हणजे ४७ नॅनो, १०४ म्हणजे १००. मागचं ‘जे’ अक्षर म्हणजे ५ टक्के फरक, ‘के’ म्हणजे १०, ‘एम’ म्हणजे २०.

साधा पॉलिएस्टर फिल्म कॅपॅसिटर, ‘जे’ किंवा ‘के’ खुणेचा, या कामाला पूर्ण पुरतो. स्वस्त सिरॅमिक चकतीत किंमत बरीच चुकते आणि त्या टकटक केल्यावर आवाज पकडू शकतात, इतकाच त्यांचा दोष. सारख्याच मोजलेल्या किंमतीच्या ऑइल-पेपर आणि पॉलिएस्टर कॅपॅसिटरमध्ये फरक ऐकू येईल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. व्होल्टेज ५० किंवा ६३ चं भरपूर झालं. ६०० व्होल्टवाला अंगठ्याएवढा असतो आणि गिटारच्या आतल्या खोलगटात मावत नाही, बस्स.

जोडणी

व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट पायावरून वायर टोन पॉटच्या कडेच्या पायाला, मधल्या पायाला कॅपॅसिटर, त्याचं दुसरं टोक टोन पॉटच्या पाठीवर ग्राउंडला. नॉब उलटा चालला तर वायर दुसऱ्या कडेच्या पायावर न्या. हीच वायर व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर नेली तर व्हॉल्यूम कमी केल्यावर चकाकी जास्त टिकते, पण मग दोन्ही नॉब एकमेकांवर परिणाम करतात.

पॉटच्या पाठीला सोल्डर धरत नाही ही नेहमीची अडचण. पाठ बारीक पॉलिश पेपरने घासा, ४० ते ६० वॅटचं रुंद टोकाचं आयर्न वापरा आणि तीन-चार सेकंदांत काम उरका. २५ वॅटचं आयर्न लावून अर्धा मिनिट बसलात तर आतला कार्बन ट्रॅक भाजतो आणि नवा पॉट पहिल्याच दिवशी खरखरतो. सोल्डर ६०/४०, राळेच्या गाभ्याचं. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट अजिबात लावू नका, कोकण-गोव्यातल्या दमट हवेत तिने पाय हिरवे पडतात. नंतर तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी झाला तर जोडणी ठीक. वाढला तर जॅकवरच्या दोन वायर उलट लागल्या आहेत.

कुठली किंमत आवडेल ते डाग देण्याआधी ठरवा. जुना कॅपॅसिटर काढून त्या जागी दोन क्रोकोडाइल क्लिप खोलगटाबाहेर आणा आणि १०, १५, २२, ३३, ४७ नॅनोफॅरडचे तुकडे आळीपाळीने लावून नेहमीच्याच केबलवर, नेहमीच्याच ॲम्पवर वाजवा. भाग मागवताना पिकअपचा प्रकार, भोकाचा व्यास, लाकडाची जाडी आणि जुन्या नॉबचा खालून काढलेला फोटो पाठवा.